बेंचवर बसून इंडियाची जर्सी भेटते का?

मैदानावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : सर नमस्कार. मी उमरेड तालुक्यातला आहो, वय २०, बी.ए. सेकंड इयरला. नागपूरच्या एका मोठ्या क्लबात राइट बॅक, उजव्या बाजूचा डिफेंडर आहो, म्हणजे नाव रजिस्टरमध्ये आहे. मागच्या सीझनला मले जास्तीत जास्त शेवटची दहा-बारा मिनिटं भेटली, अन् बऱ्याच मॅचमध्ये तं ट्रॅकसूटही काढला नाही. माझ्या जागेवर जो खेळते तो सिनियर आहे, चांगला प्लेयर आहे, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. आता खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबचे भाऊ म्हणून राह्यले का आमच्याकडे ये, पहिल्या मॅचपासून खेळवतो. मित्र म्हणतात एवढा मोठा क्लब सोडू नको, सिलेक्टर मोठ्याच क्लबचे पोट्टे पाहतात. घरी बाबा म्हणतात वावरात चाल, सोयाबीन सोंगायला आलं, हे बॉलचं किती दिवस चालवशील. सर माझं एकच स्वप्न आहे, एकदा तरी इंडियाची जर्सी घालायची. खरं खरं सांगा, काय करू?
— एक वाचक, उमरेड तालुका

उत्तर : बेटा, जिथं तुला नव्वद मिनिटं खेळायला भेटतात तिथं जा. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू खरं सांगा म्हणालास. पण जायच्या आधी दोन-तीन गोष्टी नीट पाहून घे, त्या सांगतो.

तुझ्या मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठ्या क्लबच्या मॅचला पाहणारे जास्त असतात, मान्य, पण ते पाहतात मैदानावरच्या अकरा जणांना. लाइनच्या बाहेर बसलेल्या पोराची कोणी नोंद करत नाही, त्याच्या जर्सीवर कितीही मोठ्या क्लबचं नाव असो. अन् तू थेट इंडियाचा विचार करून राह्यला म्हणून मधातल्या पायऱ्या तुझ्या डोळ्यासमोर नाहीत असं वाटते. इंडियाचा कोच नागपूरची जिल्हा लीग पाहायला येत नाही, तो आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग अन् तिच्या खालच्या लीगच्या क्लबांतून माणसं उचलतो. तिथं पोचायचं तर आधी जिल्ह्याची टीम, मग वायफाची म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची आंतरजिल्हा स्पर्धा, तिथून महाराष्ट्राची टीम अन् संतोष ट्रॉफी ही राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, अन् तिथं कोण्या प्रोफेशनल क्लबच्या माणसाची नजर पडली तर करार. तुझा पुढचा टप्पा इंडिया नाहीच, तुझा पुढचा टप्पा नागपूर जिल्ह्याची टीम आहे, अन् जिल्ह्याच्या ट्रायलला उभा राहशील तेव्हा तिथल्या सिलेक्टरने तुला सीझनभर खेळताना पाहिलेलं पाहिजे, कारण ट्रायलच्या वीस-पंचवीस मिनिटांत राइट बॅक कोणालाच समजत नाही.

हे राइट बॅकचं जरा खोलात सांगतो, कारण तुझा सगळा प्रश्न इथंच आहे. स्ट्रायकर दहा मिनिटांसाठी आला अन् एक गोल मारला तर पेपरात नाव येते. तू शेवटच्या दहा मिनिटांत येतो तेव्हा टीम एक गोलने पुढं असते, कोच ओरडते का पुढं जाऊ नको, बॉल बाहेर मार, टाइम काढ. त्यात तू काय दाखवणार? राइट बॅकचं काम दिसते सत्तराव्या मिनिटाला, जेव्हा तू आधीच पंधरा वेळा ओव्हरलॅप करून, म्हणजे आपल्या विंगरच्या बाहेरून पुढं धावून, वर जाऊन आला, पाय जड झाले, अन् समोरच्या टीमचा ताजा विंगर, म्हणजे कडेने पळणारा फॉरवर्ड, तुझ्या मागच्या रिकाम्या जागेत पळते, तेव्हा तू परत किती पळतो. डावीकडून क्रॉस येते तेव्हा तू बॉल पाहत राहतो का आधी मान वळवून मागच्या पोस्टवर कोण उभा आहे ते पाहतो. थ्रो-इन घेताना दोघांनी घेरलं तर बॉल कुठं देतो. स्टॉपरला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, आवाज देतो का. हे सगळं पूर्ण मॅच खेळूनच शिकता येते, प्रॅक्टिसमध्ये कितीही पळ, मॅचचा दम मॅचमध्येच तयार होते. वरून आपल्याकडचं ऊन, मार्च लागला का दुपारी मैदानावर पाय ठेववत नाही, अन् बेंचवर तासभर बसून थंड झालेलं शरीर एकदम पळायला लावलं का मांडीचा स्नायू धरतेच. म्हणून जोपर्यंत या क्लबात आहेस तोपर्यंत दुसऱ्या हाफमध्ये कोचने सांगायची वाट न पाहता लाइनीच्या मागं वॉर्म-अप करत राह्य.

आता सोडायच्या आधी करायचं काम. आपल्या कोचशी बोल. मॅचच्या दिवशी नको, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तं अजिबात नको, प्रॅक्टिस संपल्यावर एकटा जाऊन विचार. "मला का खेळवत नाही" असं विचारलं का समोरचा माणूस आपला बचाव करायला लागते, त्यापेक्षा "सर, राइट बॅकची जागा भेटायला माझ्यात काय कमी आहे, काय करू" असं विचार. कोचने जर नेमकं सांगितलं, म्हणजे तुझा डावा पाय चालत नाही, हवेतला बॉल हरतो, पोझिशन सोडून पुढं राहतो, तर तो माणूस तुला पाहून राह्यला, त्याच्या डोक्यात तू आहेस. मग त्यालाच हेही विचार का येत्या सीझनला किती मॅचमध्ये मला सुरुवातीपासून उतरवाल. उत्तर जर "पाहू", "मेहनत कर", "तुझा टाइम येईल" एवढंच आलं तर समजून जा अन् चांगल्या शब्दांत निरोप घे. भांडून जाऊ नको, नागपूरचं फुटबॉल लहान आहे, आजचा कोच उद्या जिल्ह्याच्या सिलेक्शन कमिटीत बसलेला दिसते.

तुला वाटत असेल का मोठी जागा सोडून लहान जागी जाणं म्हणजे मागं येणं. सुनील छेत्रीचं पाह्य. २०१२ साली तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या बी टीममध्ये गेला, केवढं मोठं नाव, पण तिथं त्याला मोजक्याच मॅच भेटल्या. २०१३ च्या सुरुवातीला तो लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला अन् त्याच सीझनला चर्चिलने आय-लीग, तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी लीग, जिंकली. इंडियाचा कॅप्टन असलेला माणूस खेळायला भेटावं म्हणून युरोप सोडून परत येते, मग तुला एक डिव्हिजन खाली जायला कसली लाज? फिफाच्या कायद्यातही ही गोष्ट मान्य केली आहे. ज्या प्रस्थापित प्रोफेशनल खेळाडूला सीझनमध्ये क्लबच्या अधिकृत मॅचपैकी १० टक्क्यांहून कमी मॅचमध्ये उतरवलं, तो त्या कारणावरून सीझन संपल्यावर १५ दिवसांच्या आत करार मोडू शकते. तू करारबद्ध प्रोफेशनल नाहीस म्हणून तुला हा नियम लागत नाही, पण न खेळवणं हा खेळाडूवर अन्याय होऊ शकते हे जगाच्या फुटबॉलने लिहून ठेवलेलं आहे, एवढं लक्षात घे.

बेंचवरून कधीच काही होत नाही असंही मी म्हणणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये केरळातल्या मंजेरीला संतोष ट्रॉफीच्या सेमीफायनलमध्ये केरळ कर्नाटकाविरुद्ध एका गोलने मागं होतं, तिसाव्या मिनिटाच्या आसपास जेसिन टी.के. नावाचा पोरगा बदली म्हणून उतरला अन् त्याने पाच गोल मारले, पाच! हाफ टाइमच्या आधी हॅटट्रिक झालेली. केरळ ७-३ ने जिंकलं, पुढं ट्रॉफीही नेली, अन् जेसिनला कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबने घेतलं. पण त्याला खेळायला एक तासाच्या वर वेळ होता हे विसरू नको, अन् तो स्ट्रायकर आहे. बेंचवर एक-दोन महिने बसणं, शिकणं, सिनियरला जवळून पाहणं यात काहीच वाईट नाही. पूर्ण सीझन गेला अन् दुसराही तसाच जाणार असं दिसत असेल तर मात्र विसाव्या वर्षी ते परवडत नाही.

आता तो दुसरा क्लब. "पहिल्या मॅचपासून खेळवतो" हे बोलायला पैसे लागत नाहीत. त्या भाऊंना विचार का कोच कोण आहे अन् तो मैदानावर रोज येते का फक्त मॅचला येते. हप्त्यातून किती दिवस प्रॅक्टिस. तुझ्याशिवाय अजून किती राइट बॅक आहेत. तुला राइट बॅकच खेळवणार का माणूस कमी पडला का स्टॉपर, हाफ, कुठंही टाकणार. लीगमध्ये त्यांच्या मॅच किती होतात, लीग सोडून कोणत्या स्पर्धा खेळतात. तू उमरेडकडून येणार, शेवटची एसटी किती वाजता आहे अन् मॅच उशिरा संपली तर रात्री राहायची सोय काय, हेही मोकळेपणाने विचार, यात कमीपणा काही नाही. अन् शक्य असेल तर त्यांची एक प्रॅक्टिस बाहेर उभा राहून पाहून ये, अर्ध्या तासात तुला सगळं समजेल.

कागदाचं काम पक्कं कर. तुझं रजिस्ट्रेशन एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या सिस्टिममध्ये कोण्या क्लबच्या नावावर आहे ते पाह्य, जुन्या क्लबकडून सुटल्याचं लेखी घे, अन् ट्रान्सफरची तारीख काय आहे ते जिल्हा असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन विचार. फिफाच्या नियमाने एका सीझनमध्ये जास्तीत जास्त तीन क्लबांत रजिस्टर होता येते, पण अधिकृत मॅच दोनच क्लबांकडून खेळता येतात. म्हणजे घाईत चुकीच्या क्लबात एक मॅच खेळून बसलास तर पुढचा दरवाजा बंद होऊ शकते. म्हणून बदलायचं ते सीझन सुरू व्हायच्या आधी.

अजून एक रस्ता तुझ्या हातात आहे अन् तू पत्रात त्याचं नावही घेतलं नाही, कॉलेज! बी.ए.ला आहेस, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या टीमची ट्रायल देऊ शकतोस. विद्यापीठाची टीम पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, तिथं लागोपाठ पूर्ण मॅच भेटतात, बाहेरच्या राज्यांच्या टीमसोबत. कॉलेजात टीम नसेल तरी फिजिकलच्या सरांना धरून बस, त्यांच्याकडून नाव जाऊ दे. आणि गावागावांत रात्री लाइटवर बक्षिसाच्या सेव्हन-ए-साइड टुर्नामेंट होतात त्या जरा जपून खेळ. मजा येते, दोन पैसेही भेटतात, पण लहान मैदानात ऑफसाइडची लाइन, लांब ओव्हरलॅप, तुझ्या जागेचं काहीच शिकायला भेटत नाही, अन् पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुतून गुडघा फिरला का पूर्ण वर्ष गेलं. लीग तोंडावर असताना तं खेळूच नको.

बाबांचं म्हणणं मला बरोबर वाटते, रागावू नको. त्यांना घरात हात कमी पडून राह्यले अन् तुझ्या खेळातून काय निघणार ते त्यांना दिसत नाही, कारण तू त्यांना कधी नीट सांगितलंच नसेल. सोंगणीच्या दिवसांत सकाळी वावरात जा, संध्याकाळी प्रॅक्टिसला, अन् एक दिवस बसून समजाव का फुटबॉलमध्ये इंडियाच्या अलीकडेही खूप काही आहे. २०२४ च्या शेवटी हैदराबादला पश्चिम बंगालने ३३ व्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, केरळविरुद्ध फायनलचा गोल रोबी हांसदाने शेवटच्या क्षणी मारला, स्पर्धेत त्याचे १२ गोल होते, खेड्यातला पोरगा, अन् त्या टीमला राज्य सरकारने पोलिसात नोकऱ्या दिल्या. आपल्या महाराष्ट्रातही सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, सेनादल खेळाडू घेतात, नागपूरच्या लीगमध्ये रेल्वेची टीम तू पाहिलीच असशील. पण यातलं काही मिळवायला कोणत्या स्पर्धेत, कोणत्या लेव्हलवर खेळला याचं प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसात होते, अन् गावच्या टुर्नामेंटची ढाल तिथं चालत नाही. म्हणजे नोकरीसाठीही तुला जिल्हा, विद्यापीठ, राज्य खेळावंच लागते. तेव्हा बाबांकडून दोन सीझन मागून घे, पूर्ण मन लावून, अन् ग्रॅज्युएशन सोडू नको.

इंडियाच्या जर्सीबद्दल खरं सांगतो. छेत्री २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच खेळला तेव्हा तुझ्याच वयाचा होता, अन् तू अजून जिल्ह्याच्या टीममध्ये नाहीस, अंतर मोठं आहे. पण तुझ्याच जागेवर खेळणारा आपला मुंबईचा राहुल भेके, त्याला इंडियाची पहिली मॅच २८ व्या वर्षी भेटली, २०१९ मध्ये, कुरासाओविरुद्ध. त्याच्या आधी वर्षानुवर्षं आय-लीग, आयएसएल, एका क्लबातून दुसऱ्या क्लबात, खेळतच राहिला. त्याच वर्षी बेंगळुरू एफसीला आयएसएल फायनलचा गोलही त्यानेच मारून दिला होता, डिफेंडर असून. शिवाय जागा कधी रिकामी होईल सांगता येत नाही. २०२५ मध्ये खालिद जमील इंडियाचे कोच झाले अन् लगेच काफा नेशन्स कपला, म्हणजे मध्य आशियाच्या स्पर्धेला, टीम न्यायची होती, ती स्पर्धा फिफाच्या विंडोत, म्हणजे देशांच्या मॅचसाठी राखलेल्या तारखांत, पूर्ण बसत नव्हती म्हणून मोहन बागान क्लबने आपले खेळाडू सोडले नाहीत, मग त्यांच्या जागी दुसरे गेले, अन् त्या टीमने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. जे गेले ते आपापल्या क्लबात खेळून तयार होते म्हणून गेले.

ट्रायलची तारीख ठरली का कळव. आणि एक वही कर, प्रत्येक मॅचची मिनिटं, कोणाविरुद्ध, कोणत्या विंगरने त्रास दिला, तुझ्या बाजूने गोल झाला तर कसा झाला. पुढं कोणताही कोच विचारेल तेव्हा तुझ्याकडे सांगायला काहीतरी असेल.

प्रश्न : माझी लहान बहीण अकरावीला आहे, साकोली तालुक्यात राहतो. ती गोलकीपर आहे, जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली पण दोन नंबरची कीपर म्हणून, एकही मॅच भेटली नाही अन् घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. गोलकीपर तर एकच खेळते, मग ती तशीच बसून राहणार का? तिला जागा बदलायला सांगू का?
— एक ताई, भंडारा जिल्हा

उत्तर : ताई, जागा अजिबात बदलायला लावू नका. जिल्ह्याची दोन नंबरची कीपर म्हणजे पूर्ण जिल्ह्यात तिच्या पुढं एकच पोरगी आहे. कीपरला जास्त थांबावं लागते, कारण ना ती जागा मॅचच्या मधात बदलतात ना तिथं दोघींना जमवता येते. इंडियाचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबला गेला, तिथल्या लीगची पहिली मॅच त्याला २०१६ मध्ये भेटली, त्याच वर्षी मुंबईत पोर्तो रिकोविरुद्ध तो इंडियाचा कॅप्टन होता अन् आपण ४-१ ने जिंकलो. पण क्लबात पक्की जागा भेटली नाही तेव्हा २०१७ मध्ये तो भारतात परत येऊन बेंगळुरू एफसीत गेला. धीरज सिंगने तेच केलं, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये नाव कमावलं, पुढं एटीके मोहन बागानमध्ये बेंचवर बसला, जानेवारी २०२१ मध्ये एफसी गोवा क्लबात गेला अन् एप्रिलमध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये कतारच्या अल रय्यानला पहिल्या मॅचमध्ये गोल करू दिला नाही.

तुमच्या बहिणीला शाळा-कॉलेजच्या टीमकडून, तालुक्यातल्या कोणत्याही टीमकडून खेळू द्या, टीम जेवढी कमजोर तेवढं कीपरला काम जास्त, चांगल्या टीमच्या कीपरकडे पूर्ण मॅचमध्ये तीन बॉल येतात, कमजोर टीमच्या कीपरकडे वीस. धान निघाल्यावर बांध्या मोकळ्या होतात पण तिथं डाइव्ह मारायला लावू नका, जमीन दगडासारखी असते, कोपर अन् कंबर दोन्ही जाते. कुठं रेती किंवा मऊ गवत असेल तिथं, अन् ग्लोव्हजवर थोडे पैसे घाला. तिला हेही सांगा का महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या ट्रॉफीला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, अन् जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई कपमध्ये जागा मिळवली, संगीता बासफोरने दोन्ही गोल मारले. आता जेवायला बसवा तिला.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. यवतमाळला एका माणसाची ओळख झाली, तो म्हणते दोन लाख द्या, स्पेनच्या क्लबात ट्रायल अन् सिलेक्शन पक्कं, तिथून इंडियाच्या ज्युनिअर टीममध्ये डायरेक्ट. कापूस विकून पैसे येणार आहेत. द्यावे का?
— एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, एक रुपया देऊ नका. १८ वर्षांखालच्या पोराला दुसऱ्या देशाच्या क्लबात रजिस्टर करायला फिफाची मनाई आहे, थोडे अपवाद आहेत, जसं आईवडील स्वतः दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, अन् तुमचा पोरगा त्यात बसत नाही. म्हणजे तो माणूस जे पक्कं म्हणते ते नियमानेच होऊ शकत नाही. इंडियाच्या ज्युनिअर कॅम्पचं बोलावणं एआयएफएफकडून येते, ते कोणी विकू शकत नाही. त्याला विचारा का तुमच्याकडे फिफाचं एजंट लायसन्स आहे का, परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागते अन् लायसन्सवाल्यांची यादी फिफाच्या वेबसाइटवर आहे, मुलाला मोबाइलवर काढायला सांगा. त्याने तुमच्याकडून सही केलेला कोणता कागद, आधारची झेरॉक्स किंवा पासपोर्ट नेला असेल तर आजच मागून घ्या. अन् थोडे पैसे आधीच दिले असतील तर फोन-पेची एन्ट्री, त्याचे मेसेज, सगळं जपून ठेवा, डिलीट करू नका, अन् ते घेऊन पोलीस ठाण्यात जा.